संशोधनाची सामग्री आणि ग्रंथपालाचे दायित्व



ग्रंथालयाच्या शंभर वर्षांचा हिशेब मांडावयास बसले की प्रथम ग्रंथांची गणना होते. किती ग्रंथ जमले, किती वाचकांनी ते नेले, किती जीर्ण झाले, हे सारे दाखल-नोंदवहीत सापडते. परंतु प्रत्येक संशोधनग्रंथाच्या मागे आणखी एक संग्रह उभा असतो आणि तो बहुधा कोणत्याच नोंदवहीत नसतो. संशोधकाची टिपणे, भरून घेतलेल्या प्रश्नावल्या, मुलाखतींची ध्वनिमुद्रणे, मोजमापांचे तक्ते, छायाचित्रे असा तो संग्रह होय. व्यवहारात त्यास 'डेटा' म्हणतात. परिभाषेत 'आधारसामग्री' हा शब्द रूढ आहे. ग्रंथ हे पीक मानले, तर ही सामग्री म्हणजे बियाणे. शेतकरी पीक विकतो, पण बियाणे राखून ठेवतो. विद्येच्या क्षेत्रात मात्र पीक कपाटात जाते आणि बियाण्याला वाळवी लागते.

याचा प्रत्यय येण्यासाठी मुळगावाबाहेर जावयास नको. मुळगावची श्रीदेवी केळबाई आणि शिरगावची श्रीदेवी लईराई या बहिणींची कथा या पंचक्रोशीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. सांगणारे तोंड बदलले की कथेतही थोडाफार फरक पडतो आणि लोकसाहित्याच्या अभ्यासकाला तो फरकच मोलाचा वाटतो. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने गावातील वृद्ध स्त्रियांकडून ही कथा ध्वनिमुद्रित करून घेतली, प्रबंध लिहिला, पदवी मिळवली आणि ती मुद्रणे त्याच्या जुन्या मोबाइलबरोबर नाहीशी झाली. मग प्रबंधात उरतो तो केवळ त्याने काढलेला सारांश. सांगणारी आजी हयात नसेल, तर पुन्हा विचारावयाचे कोणाला?

विहिरींचेही तेच. हा भाग लोहखनिजाच्या पट्ट्यातला. 2012 मध्ये गोव्यातील खाणी बंद झाल्या. त्याआधीच्या आणि नंतरच्या उन्हाळ्यात विहिरींतील पाणी कोठवर होते, हे ज्याने तेव्हा मोजले असेल त्याच्याच वहीत सापडेल. तो उन्हाळा पुन्हा मोजता येत नाही. शेती आणि खाण यांच्या वादात गावाची बाजू तोंडी आठवणींवर उभी राहणार की नोंदींवर, हे अशा वह्या जपल्या जातात की नाहीत यावर अवलंबून असते.

सामग्री जपल्याने काय साधते, याची थोर उदाहरणे मराठी मुलखातच आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 मध्ये हाती घेतले. 1925 पासून प्रमुख संपादक असलेले डॉ. वि. सी. सुखटणकर 1943 मध्ये निवर्तले, तेव्हा बरीच पर्वे व्हावयाची होती. तरीही काम थांबले नाही, कारण हस्तलिखितांचे पाठभेद ठरीव पद्धतीने तक्त्यांत उतरवलेले होते आणि पाठ निवडण्याचे नियम सुखटणकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले होते. मागून आलेल्या संपादकांनी 1966 मध्ये ते कार्य तडीस नेले. विद्वान गेला, पण त्याची सामग्री आणि ती वाचण्याची रीत मागे राहिली.

डेक्कन कॉलेजातील संस्कृत महाकोशाची कथाही अशीच आहे. डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने 1948 मध्ये त्याचा आरंभ झाला. सुमारे 1500 संस्कृत ग्रंथांतून शब्द वेचण्यात आले आणि चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. कोशाचा पहिला भाग डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली 1976 मध्ये, म्हणजे आरंभानंतर 28 वर्षांनी निघाला. चिठ्ठीवर शब्दाबरोबर त्याचा संदर्भ आणि तो कोणत्या ग्रंथात कोठे आला, याचा निर्देश असतो. हा निर्देश नसता, तर एक कोटी चिठ्ठ्या म्हणजे कागदांचा ढीगच ठरला असता. सामग्री आणि रद्दी यांतील भेद नोंदीने पडतो.

गोमंतकाला याबाबतीत डॉ. पांडुरंग पिसुर्लेंकर यांचे स्मरण पुरेसे आहे. शेजारच्या सत्तरी तालुक्यातील पिसुर्ले गावी 1894 मध्ये जन्मलेल्या या इतिहासकाराने पणजीच्या पुराभिलेखागाराची धुरा 1961 पर्यंत वाहिली. पोर्तुगीज-मराठे संबंधांवरील त्यांचे लेखन सर्वश्रुत आहे. परंतु 1955 मध्ये त्यांनी या दप्तराची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिचे मोल त्याहून कमी मानता येणार नाही. स्वतःच्या ग्रंथाबरोबर इतरांच्या संशोधनाची वाट मोकळी करून देणे, हे ग्रंथपालाच्या धर्माशी जुळणारे काम होते. त्यांचा स्वतःचा संग्रह आज गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

संगणक आल्यावर ही चिंता मिटेल, असे अनेकांना वाटले होते. प्रत्यक्षात ती वाढली. कागदाची वही पन्नास वर्षे पेटीत पडून राहिली तरी उघडून वाचता येते. जुनी फ्लॉपी आज वाचावयाची कशी, हाच प्रश्न पडतो. 'अंतिम', 'अंतिम नवे', 'अगदी अंतिम' अशा नावांच्या फायलींतून खरी कोणती, हे दोन वर्षांनी त्या संशोधकालाच सांगता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनुसार पीएच.डी.चे प्रबंध संगणकीय रूपात देणे आवश्यक झाले आणि 'शोधगंगा' या भांडारात ते सर्वांना वाचावयास मिळू लागले. प्रबंधाची सोय झाली. त्यामागच्या सामग्रीची मात्र बव्हंशी झालेली नाही.

येथे महाविद्यालयाच्या ग्रंथपालाचे काम सुरू होते. संशोधन संपल्यावर पेटी ताब्यात घेण्यापेक्षा, विद्यार्थी विषय घेऊन येतो त्याच दिवशी त्याच्याबरोबर बसावे. काय गोळा होणार, कोणत्या स्वरूपात, किती, आणि पुढे ते कोठे राहणार, याचे एक पानाचे नियोजन करून घ्यावे. फायलींना नाव देण्याची एकच रीत ठरवावी: विषय, गाव, दिनांक. प्रत्येक संचाबरोबर वर्णनपत्र असावे. कोणी, केव्हा, कोठे, कोणत्या साधनाने नोंदले, संक्षेपांचा अर्थ काय, हे त्यात यावे. प्रती तीन असाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या वास्तूत. आग आणि पूर सर्व कपाटांना सारखेच लेखतात. एकाच कंपनीच्या प्रणालीत उघडणाऱ्या फायलींपेक्षा सर्वत्र उघडतील अशी रूपे निवडावीत. शेवटी, सामाजिक शास्त्रांची सामग्री असेल तर भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेच्या सामग्री-भांडारासारखे योग्य ठिकाण सुचवावे. विषयनिहाय वर्गीकरण, सूची, जतन आणि देवघेव या चार विद्या ग्रंथपालाला अवगतच असतात. त्या ग्रंथांवरून टिपणांवर आणावयाच्या, इतकेच.

सर्वच सामग्री सर्वांसाठी खुली असावी असे मात्र नाही. विश्वासाने घरची गोष्ट सांगणाऱ्या व्यक्तीचे नाव, आजार, कर्ज, जमिनीचा तंटा हे चव्हाट्यावर येता कामा नये. मुलाखतीपूर्वी संमती घेणे, नावे झाकणे, काही भाग ठरावीक काळ बंद ठेवणे, हेही नियोजनाचे अंग आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये संमत झाल्यापासून तर याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. दार उघडे असावे. किल्ली कोणाकडे आहे, हेही लिहिलेले असावे.

मग गावच्या ग्रंथालयाने काय करावे? त्याच्यापाशी मोठी यंत्रे नाहीत. परंतु विद्यापीठापाशी नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे माणसांची ओळख. डिचोली, साखळी वा पेडण्याच्या महाविद्यालयांतून जो अभ्यासक गावात येईल, त्याच्याशी ग्रंथालयाने एक साधा संकेत करावा: गावाकडून नेलेल्या माहितीची एक प्रत, वर्णनपत्रासह, गावात परत यावी. तिच्यासाठी एक कपाट आणि एक स्वतंत्र नोंदवही पुरेशी आहे. छायाचित्रातील माणूस कोण, ध्वनिमुद्रणातील शब्द कोणत्या वाड्यावरचा, हे सांगणारी माणसे येथेच भेटतात. ती आहेत तोवर त्यांच्याकडून नोंद पुरी करून घ्यावी.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी पहिल्या ग्रंथाची नोंद केली, त्यांना तो पुढे कोण वाचणार हे ठाऊक नव्हते. तरीही त्यांनी क्रमांक घातला, दिनांक लिहिला आणि ग्रंथ फळीवर ठेवला. दुसऱ्या शतकात तेच काम टिपणांच्या बाबतीत करावयाचे आहे. त्या नोंदवहीचे पहिले पान अजून कोरे आहे. ते याच वर्षी भरले जावे.