चूक सांगता येईल असा वॉर्ड



नाच आणि नाटुकली सुरू व्हायची असताना प्रमुख पाहुण्यांनी फार वेळ माईक धरून ठेवू नये, हे मला ठाऊक आहे. म्हणून एकच मुद्दा मांडणार आहे. परिचारिकांविषयी बोलताना आपण सेवा, त्याग, ममता असे शब्द इतक्या सहज उधळतो की, चांगली परिचारिका जन्मालाच यावी लागते असं ऐकणाऱ्याला वाटावं. मला ते पटत नाही. वॉर्डातली करुणा टिकते की आटते, हे बरंचसं तो वॉर्ड चालवणाऱ्या इन्चार्ज सिस्टरच्या हातात असतं. ती रुग्णाशी किती गोड बोलते एवढंच पाहून भागत नाही; नव्यानं रुजू झालेल्या, घाबरलेल्या ज्युनिअरशी ती कशी वागते, हेही पाहावं लागतं.

यासाठी एक पुरावा देतो. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी दोन रुग्णालयांतल्या आठ विभागांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला; तो 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे प्रमुख परिचारिका चांगली, सहकाऱ्यांचं एकमेकांशी जमतं, तिथे चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या विभागांतच चुकांची नोंद जास्त! खोलात गेल्यावर उलगडा झाला तो असा, की तिथली माणसं चूक झाली तर सांगत होती. इतर ठिकाणी ओरडा बसेल म्हणून गप्प राहत होती. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. रात्रपाळीत इन्सुलिनचा डोस चुकला आणि लगेच सांगितलं, तर साखर तपासता येते, डॉक्टरांना बोलावता येतं, रुग्ण वाचतो. शिवाय दोन सारख्या दिसणाऱ्या कुप्या शेजारी ठेवल्यामुळे घोटाळा झाला असेल, तर उद्यापासून त्यांची जागा बदलता येते. चूक दडपली गेली, तर ती पुढच्या पाळीत दुसऱ्या कुणाच्या तरी हातून पुन्हा होणार. म्हणजे सहकाऱ्यांविषयीची माया हा वॉर्डातला वरवरचा शिष्टाचार नव्हे. रुग्णाच्या जिवाचं रक्षण तिच्यावर अवलंबून असतं.

दुसरा पुरावा आपल्या घरचा आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये अमानुष हल्ला झाला. त्यानंतर मे 2015 मध्ये मृत्यू येईपर्यंत, सुमारे 42 वर्षं, तिथल्याच परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. एवढा काळ अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या अंगावर शय्याव्रण होऊ न देणं म्हणजे काय, हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयानं 2011 च्या निकालात या शुश्रूषेचा मोठ्या आदरानं उल्लेख केला. पण या चार दशकांत त्यांना ओळखणाऱ्या मैत्रिणी निवृत्त झाल्या, मेट्रन बदलल्या आणि हल्ल्यानंतर जन्मलेल्या मुली ड्युटीवर आल्या. त्यांच्यापैकी कुणीही अरुणाताईंना हिंडताफिरताना पाहिलेलं नव्हतं. तरीही काळजी खंडली नाही, कारण प्रत्येक पिढीनं पुढच्या पिढीला ती सोपवली. कूस कशी बदलायची, घास कसा भरवायचा, हे हाताला धरून शिकवलं गेलं. करुणा शिकवता येते, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

यावर कुणी म्हणेल, एवढं मऊ वागलं तर शिस्त राहील का? रुग्णालयात जीवन-मरणाचा मामला असतो, तिथे लाड परवडत नाहीत. आक्षेप खरा आहे, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. कामाच्या कसोटीत सूट देणं वेगळं आणि माणसाचा अपमान न करणं वेगळं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावानं 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झालेल्या शाळेत शिकाऊ मुलींवर कडक देखरेख असे. त्याच नाइटिंगेल 1872 पासून पुढे अनेक वर्षं या मुलींना उद्देशून पत्रं लिहीत राहिल्या. कडक कसोटी आणि जिव्हाळा एकाच माणसात नांदू शकतात. हात न धुता ड्रेसिंगला हात लावणाऱ्या ज्युनिअरला थांबवायलाच हवं. पण तिला रुग्णासमोर रडवलं, तर ती हात धुण्याऐवजी तुमची नजर चुकवायला शिकेल.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. एका परिचारिकेच्या माथी अख्खा वॉर्ड मारायचा आणि वरून करुणेचे धडे द्यायचे, ही फसवणूक नाही का? आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यातल्या 168 रुग्णालयांचा लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2002 मध्ये आला. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना 30 दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. गोड बोलण्यानं हा आकडा खाली येणार नाही. खुद्द नाइटिंगेल 1854 मध्ये 38 परिचारिकांसह तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या, तरी त्या हिवाळ्यात सैनिकांचे मृत्यू थांबले नाहीत. पुढच्या वसंतात सांडपाण्याच्या वाटा साफ झाल्या, हवा खेळती झाली, तेव्हा ते झपाट्यानं घटले. यातून धडा घेऊन त्यांनी आकड्यांचे तक्ते मांडले आणि सरकारपुढे ठेवले. केईएमच्या परिचारिकांनीही 1973 मध्ये सुरक्षित कामासाठी संप केला होता. म्हणून माझ्या लेखी दयाळू मेट्रन ती, जी आपल्या मुलींसाठी प्रशासनाकडे मनुष्यबळ मागते, नोंदींच्या आधारे मागते आणि मिळेपर्यंत मागत राहते. सोसत राहायला शिकवणं ही करुणा नव्हे.

परिचर्या शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, इन्चार्ज व्हायला तुम्हाला वर्षं लागतील. पण तुमचा पहिला ज्युनिअर पुढच्याच बॅचमध्ये येतो आहे. तो तीच शंका तिसऱ्यांदा विचारेल. तेव्हा ‘एवढंही येत नाही?’ असं म्हणायचं की ‘चल, दाखवते’, हा निर्णय तुमचा असेल, आणि त्याला कुठल्याही पदाची गरज नाही. अध्यापकांना माझी एक विनंती आहे. मुलांना सलाईन लावायला जसं शिकवता, तसं चूक झाल्यावर ती कुणाला, केव्हा आणि कशी सांगायची, याचाही सराव करून घ्या. आणि जो सांगेल त्याचं ऐकून घ्या. बक्षीस मिळवणाऱ्यांचं अभिनंदन आणि पडद्यामागे राबणाऱ्यांचं थोडं अधिक अभिनंदन.