खाऱ्या पाण्यातलं घड्याळ

नामांकित डायव्हिंग घड्याळांच्या नकला उघडून त्यांची डायल, काटे, मशीन बदलायचा छंद काहींना असतो. हात बसायला बरा! पण अलिबाग-मुरूडच्या खाऱ्या हवेत खरी कसोटी लागते ती मागच्या झाकणाखालच्या आणि चावीतल्या रबरी रिंगची. झाकण उघडलंत की रिंग बघा. कडक झाली असेल तर बदला, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. आयएसओ ६४२५ मानकानुसार डायव्हिंगचं घड्याळ किमान १०० मीटरचं लागतं, चाचणी सव्वापट दाबाने होते. नकलेवरच्या आकड्यावर मात्र भरवसा नकोच. शिवाय दुसऱ्याचं नाव छापलेली नक्कल विकणं १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याने गुन्हा आहे. दाबाची चाचणी करून घेतल्याशिवाय असं घड्याळ घालून काशीदच्या पाण्यात उतरू नका.