खांब कुजतो तो कोठें?



गोठ्याचा किंवा शेडचा खांब उभा करणें ही काय भाषण करण्याजोगी गोष्ट आहे, असें कित्येकांस वाटेल. मलाहि पूर्वीं तसेंच वाटे. २६ जुलै २००५ च्या महापुरानें माझा तो भ्रम दूर केला. आमचें मांजर्ली हें बदलापुरांतील उल्हास नदीकांठचें गांव. त्या दिवशीं पाणी वस्तींत शिरलें आणि माझा सहा खांबांचा गोठा आडवा झाला. म्हैस व पारडूं तासभर आधींच उंचावर नेलीं होतीं, म्हणूनच तीं वांचलीं.

पाणी ओसरल्यावर पाहतों, तों सहाहि खांब नेमके जमिनीच्या पातळीवर मोडलेले. वरचें लाकूड टणक होतें. पण मोडलेल्या जागीं बोट दाबतांच तें भुशासारखें आंत जाई. पुरानें केवळ शेवटचा धक्का दिला होता. खांब त्यापूर्वींच निकामी झाले होते. आणि हेच खांब चौदा वर्षांपूर्वीं मीं मोठ्या हौसेनें काँक्रीटमध्यें बसवून घेतले होते! गांवांतील एका वृद्ध सुतारानें ते पाहून म्हटलें, “गुरुजी, तुम्ही खांबाला आधार दिला नाहींत, पाण्याचा पेला दिलात.”

या एका वाक्यांत सारें शास्त्र आहे. लाकूड उन्हांत आकसतें, पावसांत फुगतें. काँक्रीट त्याच्याबरोबर तितकें हलत नाहीं. दोहोंमध्यें बारीक फट पडते, खांबावरून ओघळलेलें पाणी तींत उतरतें आणि त्याला बाहेर पडण्यास वाट राहत नाहीं. लाकूड कुजविणारी बुरशी ओलावा व हवा या दोन्ही मिळाल्यावांचून वाढत नाहीं. लाकडांतील ओलावा शेंकडा २० च्या आंत राहिला तर तिचें फारसें चालत नाहीं. खांबाच्या वरच्या भागीं हवा आहे, पण ओल नाहीं. खोल जमिनींत ओल आहे, पण हवा अपुरी. जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यांत मात्र दोन्ही मिळतात, आणि खांब तेथेंच मरतो. इटलींतील व्हेनिस शहर शतकानुशतकें लांकडी खुंटांवर उभें आहे. ते खुंट पाण्याखालील चिखलांत, हवेपासून दूर आहेत.

आपल्या पूर्वजांस हें अनुभवानें ठाऊक होतें. कार्ल्याच्या चैत्यगृहांत छताच्या लांकडी कमानी सुमारें दोन हजार वर्षें टिकल्या, कारण त्यांस जमिनीची ओल कधीं लागली नाहीं. तेथील दगडी स्तंभांच्या तळाशीं घटाचा आकार कोरलेला आहे. वाळवी लागूं नये म्हणून लांकडी खांब घटांत उभे करीत, त्याचीच ही आठवण असावी, असें कांहीं अभ्यासक मानतात. आपल्या जुन्या कौलारू घरांतहि खांब जमिनींत न पुरतां जोत्यावरील दगडी तळखड्यावर उभा करीत.

मग आजहि नुसता तळखडा पुरे कां होत नाहीं? जुन्या छपराचें वजनच खांबास खालीं दाबून धरी. आजचे पत्रे हलके असतात. उघड्या बाजूनें शिरलेला वारा त्यांस वर उचलतो. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां असंख्य घरांचे पत्रे उडाले. म्हणजे खांबाचा पाय कोरडाहि हवा आणि जखडलेलाहि हवा.

मीं नवा गोठा बांधला तो असा. भुसभुशीत माती काढून कठीण मुरूम लागेपर्यंत खड्डे खणले, तळ धुम्मसानें ठोकला. त्यांत तळाशीं रुंद असे काँक्रीटचे पाय भरून ते जमिनीच्या वर हातभर आणले. माथ्याला चोहों बाजूंस उतार दिला. काँक्रीट ओलें असतांनाच त्यांत लोखंडी पट्ट्या रोवल्या, आणि खांब त्या पट्ट्यांत बोल्टांनीं आंवळला. लाकूड व काँक्रीट यांमध्यें बोटभर मोकळी जागा ठेवली. ओळंबा लावून प्रत्येक खांब दोन बाजूंनीं पाहिला आणि कोपऱ्यांत तिरपे आडवे दिले. कारण नुसत्या पट्टीवर उभा खांब आपल्या बळावर कलंडण्यास विरोध करूं शकत नाहीं.

ज्यांस खांब पुरण्यावांचून गत्यंतर नाहीं, त्यांनीं गाभ्याचें, पुरतें वाळलेलें लाकूड घ्यावें. बाहेरचा पांढरा थर, साग असला तरी, लवकर कुजतो. वरवर फांसलेलें डांबर भेगांतून निकामी होतें. दाब देऊन औषध मुरविलेला खांब त्याहून बरा. मात्र तो कापावा लागल्यास कापलेलें टोंक वर ठेवावें, कारण मधल्या लाकडांत औषध पोंचलेलें नसतें. तळाशीं खडी घालावी आणि भोंवतालची जमीन खांबापासून उतरती करावी.

जुलै २०१९ मध्यें नदी पुन्हां वस्तींत आली. नव्या गोठ्याचे खांब कित्येक तास पाण्यांत होते. पाणी गेलें, ऊन पडलें, आणि ते वाळले. भिजल्यानें लाकूड मरत नाहीं. भिजत राहिल्यानें मरतें. दर वर्षीं मृगापूर्वीं मी एक आरी घेऊन प्रत्येक खांबाच्या पायाशीं टोंचून पाहतों. ती सहज आंत गेली तर खांब बदलण्याची वेळ आली असें समजावें. श्रोत्यांनीं आपल्या गोठ्यांत उद्यां सकाळींच ही परीक्षा घ्यावी, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.