सार्वजनिक पैसा आणि आपला माणूस

(समाजमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



लोकशाहीतील भ्रष्टाचार आणि देशाची आर्थिक प्रगती हा विषय मंडळाने मला दिला, तेव्हा मी थोडा संकोचलो. हा विषय दिल्ली-मुंबईच्या विद्वानांचा. नरखेडसारख्या तालुक्यात चाळीस वर्षे शाळामास्तरकी केलेल्या माणसाने त्यावर काय बोलावे? परंतु विचार करता असे दिसून आले की, या विषयाचा सर्वांत मोठा धडा आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच पैशाने गिरविला गेला आहे. यास्तव मी दूरचे काही सांगणार नाही. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचीच गोष्ट सांगणार आहे.

प्रथम ही बँक आपल्याला कशाकरिता हवी, ते पाहू. संत्र्याचे कलम लावल्यापासून पहिला भरघोस बहार हाती येईपर्यंत पाच-सहा वर्षे जातात. तोवर विहीर, मोटर, खत, फवारणी आणि राखणदारी यांचा खर्च थांबत नाही. इतका काळ वाट पाहणारे भांडवल कोणाजवळ असते? एकतर बँकेजवळ, नाहीतर सावकाराजवळ. गोरवाला समितीने 1954 साली आपला अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा ग्रामीण कर्जापैकी जेमतेम तीन टक्के कर्ज सहकारी संस्थांकडून मिळत होते. बाकीचा मोठा वाटा सावकार आणि व्यापारी यांचाच होता. ते चित्र पालटावे म्हणून गावोगाव सेवा सहकारी संस्था निघाल्या आणि त्यांच्या डोक्यावर जिल्हा बँका मजबूत करण्यात आल्या. आपल्या वाडवडिलांनी दहा-दहा रुपयांचे भाग घेऊन ही इमारत उभी केली, हे आपण विसरता कामा नये.

आता त्या इमारतीला भगदाड कसे पडले ते ऐका. प्रत्येक बँकेला ठेवींचा काही भाग सरकारी रोख्यांत गुंतवावा लागतो. नियम चांगला आहे, कारण सरकारी रोख्याइतके सुरक्षित दुसरे काही नाही. परंतु रोखा सुरक्षित असतो तो आपल्या हातात आल्यावर! 2001-02 साली नागपूर जिल्हा बँकेने होम ट्रेड आणि इतर काही दलाल कंपन्यांमार्फत रोखे खरेदी करण्यासाठी पैसे दिले. पैसे गेले, रोखे आले नाहीत. सुमारे 150 कोटी रुपयांचा हा व्यवहार होता. वर्धा आणि उस्मानाबाद येथील जिल्हा बँकाही याच कंपनीच्या फेऱ्यात सापडल्या. होम ट्रेड म्हणजे क्रिकेटपटू आणि सिनेनट यांना घेऊन मोठमोठ्या जाहिराती करणारी कंपनी. तिचे दार 2002 मध्ये बंद झाले.

येथे कोणी म्हणेल की, फसवणूक कोणाचीही होऊ शकते. खरे आहे. परंतु दहाच वर्षांपूर्वी, 1992 साली, हर्षद मेहता प्रकरणात नेमके हेच घडले होते: रोख्यांऐवजी कागदी पावत्यांवर कोट्यवधींचे व्यवहार. संसदेची संयुक्त समिती बसली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. मुंबईतील बड्या बँका ज्या खड्ड्यात पडल्या, तो खड्डा उघडाच ठेवून आपली शेतकऱ्यांची बँक त्याच वाटेने चालू दिली गेली. सहकारी बँकांवर एकीकडे राज्याचे सहकार खाते आणि दुसरीकडे रिझर्व्ह बँक असा दुहेरी अंमल. दोन धन्यांच्या घरातील गाय उपाशी राहते, तसे झाले. रोखे संगणकीय खात्यातच ठेवले पाहिजेत, अशी सक्ती रिझर्व्ह बँकेने केली ती 2002 मध्ये, पैसे गेल्यानंतर.

खटला 2002 साली उभा राहिला. निकाल लागला 22 डिसेंबर 2023 रोजी. बँकेचे तत्कालीन अध्यक्ष व निकालाच्या वेळी सावनेरचे आमदार असलेले सुनील केदार यांच्यासह सहा जणांना न्यायालयाने दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा सुनावली. तिघे निर्दोष सुटले. केदार यांची आमदारकी गेली. त्यांनी अपील केले, आणि जानेवारी 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना जामीन दिला. अपिलाचा निवाडा न्यायालयाचा. त्यावर मी एक शब्द बोलणार नाही. मला बोलावयाचे आहे ते त्या एकवीस वर्षांवर. खटला उभा राहिला त्या साली जन्मलेले मूल निकालाच्या वेळी मतदार झाले होते.

आणि या काळात शेतकऱ्याचे काय झाले? बँक इतकी दुबळी झाली की तिला रिझर्व्ह बँकेचा परवानाही मिळेना. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2014 मध्ये देशातील 23 विनापरवाना जिल्हा बँकांना सावरण्यासाठी 2,375 कोटींची योजना मंजूर केली. महाराष्ट्रातील तीन बँका त्यात होत्या: नागपूर, वर्धा आणि बुलढाणा. म्हणजे जो पैसा शेतकऱ्याचा गेला, त्याची भरपाई करदात्याने, म्हणजे पुन्हा आपणच केली. मधल्या काळात पेरणीच्या तोंडावर ज्याला कर्ज मिळाले नाही, त्याने काय केले हे या सभेत मी सांगण्याची गरज नाही. कोणी बहार झाडावर असतानाच व्यापाऱ्याला उक्ता देऊन विसार घेतला; कोणी सावकाराला शेताचे खरेदीखत करून दिले, तोंडी बोली अशी की पैसे फेडताच शेत परत. अशी किती शेते परत आली? 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भासाठी जे साहाय्य जाहीर केले, ते सहा जिल्ह्यांसाठी होते. वर्धा नदीच्या पलीकडचा वरूड तालुका त्यात बसला. अलीकडचे आपले मोवाड आणि नरखेड बसले नाही. नदी तीच, माती तीच, संत्रे तेच.

बंधुभगिनींनो, इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्या. यापुढचे कदाचित कडू लागेल.

मी स्वतः एका गावाच्या सेवा संस्थेच्या पंचकमिटीवर काही वर्षे होतो. गावाचे नाव सांगत नाही. एका सभेत कर्जवाटपाची यादी सह्यांसाठी फिरली, आणि तीत एका मयत सभासदाच्या नावावर उचल दाखविलेली मी पाहिली. मी त्याच्या मौतीला गेलो होतो, चूक होण्याचा प्रश्नच नव्हता. मी वर पाहिले. संस्थेचे अध्यक्ष आपल्याच समाजाचे, नात्यातले. पुढच्या वर्षी त्यांच्या घरी माझ्या पुतणीची सोयरीक व्हावयाची होती. मी सही केली. दोन वर्षांनी त्या सभासदाची विधवा थकबाकीची नोटीस घेऊन माझ्याच दारी आली, कारण मास्तर वाचून सांगतील! "चौकशी करतो, बाई," एवढे बोलून मी तिला परत पाठविले. पुढे 2008 ची कर्जमाफी आली, आणि त्या यादीतील इतर कर्जांबरोबर तेही कर्ज माफ झाले. कागदावर सर्वांचेच बरे झाले. माझ्या सहीबद्दल मला आजवर कोणी विचारले नाही.

दीडशे कोटींचा अपहार आणि माझी ती एक सही यांत अंतर फार आहे, हे मला कळते. परंतु मोठी चोरी ज्या शांततेत होते, ती शांतता लहान सह्यांनीच तयार होते. वार्षिक सभेत लेखापरीक्षणाचा अहवाल वाचा असे म्हणणाऱ्याला आपण काय म्हणतो? "आपल्याच माणसाच्या पायात पाय घालतोस?" दुसऱ्या समाजाच्या पुढाऱ्यावर आरोप आला तर ते सत्य, आपल्यावर आला तर ते कारस्थान. प्रत्येक समाज असेच म्हणतो, आणि सर्व समाजांचा पैसा मात्र एकाच तिजोरीत असतो. समाजमंडळे निघाली ती शिक्षणासाठी, वसतिगृहांसाठी, हुंड्याविरुद्ध. पुढाऱ्याच्या पाठीमागे उभी करावयाची फौज म्हणून ती निघाली नव्हती, हे सांगताना मला आपल्या जुन्या कार्यकर्त्यांची आठवण होते. ते मंडळाच्या कामाला स्वतःच्या सायकलीने येत आणि चहासुद्धा घरचा पिऊन येत.

म्हणून माझी एक छोटी मागणी आहे. आपल्या विद्यार्थी वसतिगृहासाठी गेली काही वर्षे देणग्या गोळा होत आहेत. तिचा जमाखर्च यंदाच्या स्मरणिकेत, जाहिरातींच्या आधीच्या पानावर, छापावा. कोणावर माझा संशय नाही. चिटणीस माझे विद्यार्थी आहेत. पण छापण्यापूर्वी तो त्यांनी आजच या सभेत वाचून दाखवावा. माझे व्याख्यान संपले. मी खाली बसून ऐकतो.