तुटकं दिसणारी दुर्बीण

पंधरा वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. शस्त्रक्रिया झाली, पण नजर परतली नाही. एका डोळ्यानं वाचता येतं, कविता लिहिता येते, माणसं ओळखता येतात. अडतं ते अंतरापाशी. चहा कपाऐवजी बशीत पडतो, जिन्याची शेवटची पायरी चुकते. आपले दोन डोळे साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतरावर असतात. दोघांना जरा वेगळं चित्र दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू जवळचं-लांबचं ठरवतो. हे मला डोळा गेल्यावर कळलं.

त्याच वर्षी पुण्याच्या जुन्या बाजारात भंगारात एक नळी दिसली. मीटरभर लांब, दोन्ही टोकांना काचेची खिडकी, पण डोळा लावायची जागा मधोमध. विकणारा म्हणाला, "दुर्बीण आहे चाचा, पण खराब. सगळं तुटकं दिसतं." मी डोळा लावला. लांबचा मोबाइल टॉवर मधोमध चिरलेला. वरचा अर्धा एकीकडे, खालचा दुसरीकडे. हाताला एक चाक लागलं. ते फिरवलं तसे दोन्ही तुकडे सरकले आणि टॉवर अखंड झाला. ती खराब नव्हतीच. तुटकं दाखवणं हेच तिचं काम होतं.

ते सैन्याचं अंतर मोजायचं यंत्र होतं, रेंजफाइंडर. दोन खिडक्यांतून आलेली दोन चित्रं ते एकाच डोळ्याला दाखवतं. तुकडे जुळवायला चाक किती फिरवावं लागलं, त्यावरून पट्टीवर अंतर उमटतं. मीटरभर नळी आणि हजार मीटरवरचं झाड घेतलं, तर दोन खिडक्यांच्या नजरेत फरक पडतो एका अंशाच्या सुमारे सतराव्या भागाइतका. अंतर दुप्पट झालं की चूक चौपट होते. हजार मीटरला चार मीटरची चूक होत असेल, तर दोन हजारला सोळा मीटरची. म्हणूनच युद्धनौकांवर कित्येक फूट लांबीच्या नळ्या बसवत.

हे यंत्र घडवलं आर्चिबाल्ड बार आणि विल्यम स्ट्राउड या लीड्सच्या दोन प्राध्यापकांनी. ब्रिटिश युद्ध खात्याला पायदळासाठी अंतरमापक हवा असल्याची जाहिरात त्यांनी १८८८ मध्ये वाचली आणि यंत्र बनवलं. सैन्यानं ते नाकारलं. पुढे नौदलानं घेतलं. बार ग्लासगोला गेले, स्ट्राउड लीड्सलाच राहिले, तरी भागीदारी टिकली आणि ग्लासगोला कारखाना उभा राहिला. जर्मनांच्या झाइस कंपनीची पद्धत वेगळी होती. तिच्यात दोन्ही डोळे लागत, तेही उत्तम. माझ्यासारख्याला तिथे प्रवेश नव्हता. बार-स्ट्राउडच्या नळीला मात्र एक डोळा पुरतो.

माझ्याकडे अशा तीन नळ्या आहेत, त्यांतली एक मीच मारली. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली म्हणून पेचकस घेऊन उघडली. काच स्वच्छ झाली, पण आतले लोलक केसभर हलले आणि ती पुन्हा कधी खरं बोलली नाही. म्हणून हौशी मंडळींना सांगतो, घेण्याआधी स्क्रूंची डोकी पाहा. ती ओरबाडलेली असतील, तर माझ्यासारखा कुणीतरी आत जाऊन आलेला आहे.

न उघडताही नळी तपासता येते. चंद्र इतका दूर आहे की नळीच्या दोन्ही टोकांना तो एकाच दिशेला दिसतो. पट्टी अनंताच्या खुणेवर आणून चंद्राकडे पाहायचं. त्याची कड अखंड दिसली तर नळी खरी. तुटलेली दिसली तर दोष नळीचा, चंद्राचा नव्हे. ईदचा चाँद शोधायला आम्ही सगळे गच्चीवर जातो, तेव्हा मी नळीही नेतो. कोर बारीक असते, फार वेळ थांबतही नाही, पण माझं काम होतं.

मित्र विचारतात, मारण्यासाठी बनलेली वस्तू कवीनं घरात का ठेवावी? प्रश्न रास्त आहे. या नळीत जुळलेला आकडा तोफेकडे जाई, आणि ज्याचा तो आकडा असे त्याला पत्ताही नसे. म्हणून मी टाक्या, मनोरे, चंद्र पाहतो. माणसावर ती रोखत नाही. पण दोन ठिकाणांहून पाहिल्याशिवाय अंतर कळत नाही, हे मला याच यंत्रानं शिकवलं, तेही माझी एक बाजू गेल्यावर.

पहिली नळी घरी आणली तेव्हा बायकोनं विचारलं होतं, "कपापर्यंतचं अंतर सांगते का ही?"

"नाही. हिची पट्टी अडीचशे यार्डांपासून सुरू होते."

"मग चहा मीच ओतते," ती म्हणाली.

अजून तीच ओतते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)