सभासद हवेत ते सड्यावरचे

भूविज्ञानाच्या कोणत्याही संस्थेचे वार्तापत्र उघडले की ठरावीक मजकूर दिसतो. अमक्या शहरात परिषद आहे, निबंधांचे सारांश अमक्या तारखेपर्यंत पाठवा, तरुण संशोधकांसाठी पारितोषिक आहे, शाळकरी मुलांसाठी ऑलिंपियाड आहे, एखाद्या नव्या स्थळाचे नाव वारसायादीत गेले आहे. १९५८ साली स्थापन झालेली बंगळूरची जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया हे काम दीर्घकाळ करत आली आहे आणि त्या कामाला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण ही सारी बातमी वरून खाली येते. रत्नागिरीत बसून ती वाचणाऱ्याला वाटते की भूविज्ञान दुसरीकडे कुठेतरी घडते, आपण फार तर अर्ज भरायचा. मला आज याच्या उलट बाजू मांडायची आहे. या जिल्ह्याची जमीन दरवर्षी नवी माहिती उघडी करते. ती पहिल्यांदा पाहणारी माणसे इथलीच असतात, आणि ती कोणत्याही संस्थेची सभासद नसतात. संधी इथवर यायला हवी असेल तर आधी बातमी इथून निघाली पाहिजे, आणि त्यासाठी इथे भूविज्ञानाचे असे मंडळ हवे, ज्याच्या सभासदत्वाला पदवीची अट नसेल.

सुरुवात पायाखालच्या दगडापासून करू. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. उष्ण हवा आणि मुबलक पाऊस यांनी तो लक्षावधी वर्षे कुजवला. सिलिका धुऊन गेली, लोहाची आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली, आणि सड्यावरचा, म्हणजे उघड्या सपाट पठारावरचा, जांभा तयार झाला. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या जिल्ह्यात मे महिन्यात वाड्यावाड्यांना टँकर का लागतो, याचे बरेचसे उत्तर या दगडात आहे. जांभा सच्छिद्र असतो. पाणी त्यातून भरभर खाली उतरते, खालच्या चिकट मातीच्या थरावर अडते, आडवे वाहत सड्याच्या कडेला झऱ्यांवाटे बाहेर पडते, आणि होळीच्या सुमारास साठा तळाला गेलेला असतो. हा मातीचा थर किती खोल आहे आणि कोणत्या बाजूला उतरता आहे, यावर विहीर टिकणार की आटणार हे ठरते. त्याचे महत्त्व पाण्यापुरतेही नाही. रत्नागिरीच्या परिसरात विहिरी खोदताना जांभ्याखालच्या मातीत कोळशासारखे काळे पडलेले लाकूड, म्हणजे लिग्नाइट, सापडल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून आहेत. त्या थरांतल्या परागकणांवरून अभ्यासकांनी इथल्या प्राचीन जंगलाचा अंदाज बांधला. जंगलाचे अवशेष खाली आणि जांभा वर, म्हणजे निदान तिथला जांभा त्या जंगलानंतरचा. कोकणातल्या जांभ्याचे वय ठरवण्याचा हा एक मोलाचा धागा आहे आणि तो पाण्यासाठी कुदळ मारणाऱ्यांनी हाती दिला. आज कुदळीची जागा बोअरच्या गाडीने घेतली आहे. किती फुटांवर माती लागली, किती फुटांवर काळा दगड लागला, हे बोअरवाल्याला त्या दिवशी तोंडपाठ असते. बिल चुकते झाले की ही माहिती हवेत विरते, आणि शेजारच्या वाडीत पुन्हा अंदाजाने भोक पाडले जाते.

इथली नोंद जगापर्यंत जाऊ शकते याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. सड्यांवरची कातळशिल्पे, म्हणजे कातळात कोरलेली चित्रे, गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे पायाखाली घालून, गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारून, त्यांची पद्धतशीर नोंद सुरू केली. २०२२ साली कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ स्थळे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यांतली सात या जिल्ह्यातली आहेत. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रे आहेत. देवाचे गोठणे इथे तर शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भरकटते. पुरातत्त्वाचा विषय तिथे थेट भूविज्ञानाच्या अंगणात येतो. ज्या तात्पुरत्या यादीने कातळशिल्पांची दखल घेतली, तिच्यात सप्टेंबर २०२५ मध्ये पाचगणी-महाबळेश्वरच्या डेक्कन ट्रॅपचीही भर पडली. पाचगणीच्या टेबललँडचा माथा जांभ्याचाच आहे. केरळातल्या अंगाडिपुरमच्या जांभ्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूस्मारकाचा मान दिला आहे. रत्नागिरीतल्या एकाही सड्याला तो नाही. दगड कमी प्रतीचा म्हणून असे झाले नाही. अंगाडिपुरमला फ्रान्सिस बुकानन गेला, त्याने पाहिलेले लिहून काढले आणि १८०७ साली ते छापले. इथे तसे कुणी वेळेवर लिहिले नाही.

आता पहिला आक्षेप. अप्रशिक्षित माणसाच्या निरीक्षणावर शास्त्राने किती विसंबायचे? प्रश्न रास्त आहे, पण शास्त्राचा स्वतःचा इतिहास तो विचारणाऱ्याच्या बाजूने नाही. बुकानन पेशाने डॉक्टर होता. मुंबई बेटाच्या भूरचनेवर लिहिणारा हेन्री कार्टर शल्यचिकित्सक होता. बुकाननचे पुस्तक निघाले त्याच वर्षी लंडनची जिऑलॉजिकल सोसायटी एका खानावळीत भरलेल्या सभेत स्थापन झाली आणि तिच्या संस्थापकांत वैद्यकीचे लोक बरेच होते. पुढे हीच संस्था प्रतिष्ठित झाली, आणि कालव्यांची मोजणी करत हिंडणाऱ्या विल्यम स्मिथला तिने दाराबाहेर ठेवले. स्मिथचा इंग्लंडचा नकाशा १८१५ साली छापला गेला. संस्थेने आपले पहिले वोलास्टन पदक त्याला दिले ते १८३१ साली. स्त्रियांना सभासदत्व द्यायला तर १९१९ उजाडले. तेव्हा प्रशिक्षण नसलेल्यांमुळे शास्त्राचे जेवढे नुकसान झाले असेल, त्याहून अधिक त्यांना दूर ठेवल्याने झाले, असे माझे मत आहे. मुळात नोंद करणे आणि अर्थ लावणे ही दोन वेगळी कामे आहेत. जागा, तारीख, खोली, पाण्याची पातळी, मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो एवढे नीट देता आले की पुरे. अर्थ तज्ज्ञाने लावावा. मात्र एक अट मी सोडणार नाही. पडताळणी न झालेली नोंद तशीच ओळखली गेली पाहिजे, नाहीतर डोंगराला तडा गेल्याची एक खोटी अफवा अख्खी वाडी रात्री रस्त्यावर आणील.

दुसरा आक्षेप सरकारी कार्यालयांतून येतो: आमच्या यंत्रणा आहेतच की. आहेत, आणि त्यांचे काम मोठे आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरवलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी ठरलेल्या महिन्यांत मोजते. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशाचे दरडप्रवणतेचे नकाशे केले आहेत. पण नकाशा प्रत्येक उतारावर उभा राहू शकत नाही. जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली, तेव्हा ती धोक्याच्या गावांच्या यादीत नव्हती, हे राज्य सरकारनेच सांगितले. २०१४ साली पुणे जिल्ह्यातले माळीण गाव दरडीखाली दिसेनासे झाल्याची खबर बाहेर आली ती एसटीच्या चालकामुळे. जुलै २०२१ मध्ये आपल्या खेड तालुक्यात पोसरे इथे दरड कोसळली, त्याच दिवसांत चिपळूण बुडाले. डोंगर बोलतो तो आधी, पण अगदी जवळच्या माणसाशी: झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होते, अंगणात भेग पडते, झाड कलते. कोकण रेल्वेने ही गोष्ट मोठी किंमत मोजून ओळखली. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ कोसळलेल्या दगडांमुळे झालेल्या अपघातात पन्नासहून अधिक प्रवासी गेले. आज पावसाळ्यात तिथे वेगळे वेळापत्रक असते, पाऊस मोजला जातो आणि गस्तीवाले कटिंगा पायी तपासतात. या गस्तीवाल्यांकडे भूविज्ञानाची पदवी नाही, तरी त्यांच्या शब्दावर गाडी थांबते. भूवैज्ञानिक सर्वेक्षणानेही २०२४ साली कोलकात्यात दरडींच्या पूर्वानुमानाचे राष्ट्रीय केंद्र सुरू करताना ‘भूस्खलन’ हे मोबाइल ॲप काढले आणि त्यावर नागरिकांकडून घटनांची माहिती मागवली. म्हणजे यंत्रणेने दार उघडले आहे. आत जाणारे संघटित लोक इथे नाहीत.

सगळ्यांत अवघड आक्षेप तिसरा, आणि तो सभेत कुणी मोठ्याने बोलत नाही. नोंद झाली की बंधन येईल. सड्यावर शिल्प निघाले तर जमीन अडकेल, जांभ्याच्या चिरेखाणीत काही सापडले तर खाण बंद पडेल, उतार धोक्याचा ठरला तर घराची किंमत जाईल. ही भीती अज्ञानातून आलेली नाही, व्यवहारातून आली आहे. बारसूच्या सड्यावरच्या प्रस्तावित रिफायनरीच्या वादात शिल्पांचे नाव किती वेळा घेतले गेले आणि जमीनमालकाला किती वेळा विचारले गेले, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. कातळशिल्पे बहुतांशी खासगी जमिनीत आहेत. मालकाला बाजूला ठेवून केलेली नोंद त्याला शत्रू बनवते, आणि रात्रीत जेसीबी फिरवायला फार वेळ लागत नाही. म्हणूनच मंडळात चिरेखाणवाला आणि जमीनमालक पहिल्या दिवसापासून हवेत, निमंत्रित पाहुणे म्हणून नव्हे, मत देणारे सभासद म्हणून. खाणवाल्याला मी खलनायक मानत नाही. चिरा काढल्यावर उघडी पडणारी उभी भिंत म्हणजे सड्याचा आयता छेद असतो, भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही. ती भिंत पुढच्या पावसाळ्यात गवताने झाकायच्या आत मोजू द्यावी, एवढीच मागणी आहे. काही जागी बंधन येईलही, आणि तिथे भरपाई मागण्याचे काम मंडळानेच पुढे होऊन केले पाहिजे. तेवढी तयारी नसेल तर मंडळ काढू नये.

आणि पोटापाण्याचे काय, असे पालक विचारतील. भूविज्ञानात नोकऱ्यांचा सुकाळ नाही, उगाच आशा लावणे बरे नव्हे. लोकसेवा आयोगाची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा आहे, भूजलाचे काम आहे, परशुराम घाटासारख्या ठिकाणी रस्ता टिकवायचा तर उताराचा अभ्यास लागतोच. नववी ते बारावीच्या मुलांसाठी भूविज्ञान ऑलिंपियाड आहे. त्याची दहावी आंतरराष्ट्रीय फेरी २०१६ साली म्हैसूरला झाली होती. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे ‘भूकोश’ या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. या संधी कागदावर सर्वांना सारख्याच आहेत. पण ज्या मुलाने आपल्या आळीतल्या चार विहिरींची पातळी वर्षभर मोजली आहे, त्याच्या अर्जात सांगण्यासारखे काही असते.

शेजारी झालेले संशोधनही इथवर पोचत नाही, याचे कोयना धरणाचे उदाहरण देऊन आवरते घेतो. १९६२ नंतर धरणात पाणी साठू लागले तसे लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला, आणि जलाशयामुळे भूकंप होऊ शकतो या प्रश्नाच्या अभ्यासात कोयना जगभर गाजली. हर्ष गुप्ता, जे पुढे जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाचे अध्यक्ष झाले, त्यांनी या प्रश्नावर आयुष्य घातले. कराडला त्यासाठी प्रयोगशाळा उभी राहिली. त्याच कोयनेचे पाणी वाशिष्ठीतून चिपळूणला येते, पण या संशोधनाचा सारांश मराठीतून चिपळूणच्या माणसाच्या हाती देणारे मंडळ साठ वर्षांत इथे झाले नाही.

ते यंदा सुरू होऊ शकते. पावसाळ्यापूर्वी ज्यांच्या आवारात विहीर किंवा बोअर होणार आहे, त्यांनी किती फुटांवर काय लागले ते तारखेसह वहीत उतरवावे आणि प्रत्येक थराची मूठभर माती पिशवीत बांधून ठेवावी. शिक्षकांनी अशा वह्या गोळा कराव्यात. मंडळाची पहिली सभा त्या वह्यांवर घेऊ.