साखळी टाका

(शाळेच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘छंदाबद्दल दहा मिनिटं बोल, पण कॉम्प्युटरबद्दल अजिबात नको,’ असं संयोजकांनी मला बजावलं आहे. त्यामुळे मी साखळीबद्दल बोलणार आहे. तारेच्या लहान लहान कड्या करून त्या एकमेकींत ओवून हाताने केलेल्या गळ्यातल्या आणि मनगटातल्या साखळीबद्दल. पण त्याआधी आपल्या शिवणाच्या बाईंजवळ एक कबुली द्यायची आहे. बाई समोर पहिल्याच रांगेत बसल्या आहेत, त्यामुळे माझे पाय आठवीत कापायचे तसेच आत्ताही कापत आहेत.

आठवीत कार्यानुभवाला आपल्याला पांढऱ्या मांजरपाटाच्या तुकड्यांवर टाक्यांचे नमुने करायचे होते. धावदोरा, हेमिंग, साखळी टाका, काज. माझा साखळी टाका बाईंनी सगळ्या वर्गाला फिरवून दाखवला होता. ‘किती एकसारखा आलाय बघा,’ असं त्या म्हणाल्या होत्या. बाई, तो माझा नव्हता. तो माझ्या आईने रात्री जागून घातला होता. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने स्वतः घातलेला वाकडातिकडा टाका दिला आणि तिला माझ्यापेक्षा कमी गुण पडले. ती आज इथे आहे. तेव्हा मी तिच्याकडे बघितलं नव्हतं, हे मला अजून आठवतं.

त्या गुणांचा मला एक तोटा झाला. ‘आपलं डोकं चालतं, हात चालत नाहीत’ हे मी त्या वर्षी ठरवून टाकलं. पुढे इंजिनिअर झाले, तरी वर्कशॉपमध्ये कानस धरायची वेळ आली की कुणाच्या तरी मागे उभी राहायचे. नंतर नोकरी अशी मिळाली की त्यात बोटांनी फक्त बटणं दाबायची.

चार वर्षांपूर्वी माझी एक साधी साखळी तुटली. फेकून देण्याआधी सहज चष्मा लावून बघितली. काहीच तुटलेलं नव्हतं. एक कडी उघडली होती, एवढंच. घरातल्या पक्कडीने ती दाबून बसवली आणि साखळी पुन्हा गळ्यात घातली. मग वाटलं, एक कडी मिटवता येते, तर सगळ्या का नाही येणार?

कड्या विणण्याची ही कला फक्त दागिन्यांची नाही, चिलखताचीही आहे. चौथीच्या इतिहासात आपण शिकलो, की प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ मध्ये अफझलखानाला भेटताना महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं. ‘जिरेटोप’ शब्दातलं ‘जिरे’ आपल्या फोडणीतलं नव्हे. तो फारसी ‘झिरह’ आहे, म्हणजे कड्यांचं चिलखत. चिलखताच्या सगळ्यात परिचित विणीत प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांतून जाते. लढाईच्या चिलखतात कड्यांची तोंडं रिव्हेट ठोकून बंद करत. आपल्याला तलवार अडवायची नाही, त्यामुळे दागिन्याची कडी नुसती नीट मिटली तरी चालते. मात्र ‘नीट’ या शब्दाने माझा वर्षभर जीव घेतला.

पद्धत सांगते. गोल सळईवर तार घट्ट, एकाला एक चिकटून गुंडाळायची. स्प्रिंगसारखं वेटोळं तयार होतं. ते सळईवरून काढून उभ्या रेषेत कापलं की कड्या सुट्या होतात. साध्या कटरने कापलं तर तारेचं टोक चिमटून पाचरीसारखं होतं आणि मिटवल्यावरही फट राहते. सोनारांच्या बारीक पात्याच्या करवतीने कापलं तर दोन्ही टोकं सपाट येतात. कडी उघडताना दोन पकडींत दोन टोकं धरून एक आपल्याकडे आणि एक पलीकडे वळवायची. डावी-उजवीकडे फाकवली, तर गोलाई बिघडते आणि ती परत येत नाही. मिटवतानाही टोकं जराशी एकमेकांपुढे नेऊन मग मागे आणायची, कारण तार थोडी उलटी फिरते. टोकाला टोक घासल्याचा बारीकसा आवाज बोटांना कळतो. शेवटी साखळीवरून ओढणी फिरवायची. धागा अडकला, तर ती कडी मिटलेली नाही.

मी निवडलेल्या विणीला ‘बायझंटाइन’ म्हणतात. तिच्यात कड्या जोडीजोडीने जातात. तीन जोड्या एकीत एक ओवायच्या. तिसऱ्या जोडीतल्या दोन कड्या दोन बाजूंना मागे दुमडायच्या. मग मधली जोडी फाकते आणि दुमडलेल्या कड्या तिच्या फटीतून दिसतात. त्या दोघींतून नवी जोडी घालायची. मग पुढे तेच. झाली, की साखळी दोरीसारखी गोल आणि लवचिक होते. आपल्याकडच्या गोफाची आठवण यावी अशी.

एका अमेरिकन पुस्तकात लिहिलं होतं, ‘१८ गेजची तार, साडेतीन मिलिमीटरची कडी.’ मी पुण्यात तपकीर गल्लीत गेले आणि मोटार वाइंडिंगची तांब्याची तार मागितली. ‘किती गेज?’ ‘१८.’ घरी आणली, साडेतीन मिलिमीटरची सळई मिळवली, सव्वाशे कड्या कापल्या. आणि वीण होईचना. कड्या दुमडल्या, तरी नवी जोडी आत शिरेना. जोर लावला, तर कडी लंबगोल. सलग तीन रविवार हाच प्रकार. तिसऱ्या रविवारी मी सगळं डब्यात भरलं आणि स्वतःला म्हटलं, आठवीतच कळलं होतं की तुला हे जमणार नाही.

मग कॉम्प्युटरवाल्या बाईने करायला हवं ते उशिरा केलं. मोजलं. ब्रिटिश गेजमध्ये १८ म्हणजे १.२२ मिलिमीटर. अमेरिकन गेजमध्ये १८ म्हणजे १.०२ मिलिमीटर. आकडा एकच, तार वेगळी, आणि आपल्या बाजारात ब्रिटिश गेज चालतं. या कामात सगळं अवलंबून असतं एका भागाकारावर. कडीचा आतला व्यास भागिले तारेची जाडी. पुस्तकातल्या तारेचं उत्तर येत होतं ३.४. माझं येत होतं २.९. तेवढ्या जागेत नवी जोडी मावणारच नव्हती. मंगळाकडे पाठवलेलं एक अमेरिकन यान १९९९ मध्ये एककांच्या अशाच गोंधळात गेलं होतं. माझं तर फक्त दोनशे ग्रॅम तांबं गेलं. हात चुकले नव्हते. मी दोष हातांना देत होते, इतकंच.

आता मला चार मिलिमीटरची सळई हवी होती. ती आईकडे मिळाली. तिच्या विणकामाच्या पिशवीतली ८ नंबरची सुई बरोबर चार मिलिमीटरची असते. सुईवरून काढल्यावर वेटोळं किंचित सैल होतं, म्हणून उत्तर ३.३ च्या थोडं वर गेलं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा नवी जोडी दुमडलेल्या कड्यांतून सरळ आत गेली. मी आईला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, ‘हं, आता ताण सगळीकडे सारखा ठेव.’ तिने विणकामाचाच नियम सांगितला होता.

पहिली साखळी पूर्ण व्हायला अकरा संध्याकाळी लागल्या. माझ्या मनगटाला दीडशेच्या आसपास कड्या लागतात. या कामात चूक जिथे होते तिथे दिसत नाही. जोडी दोन्ही कड्यांतून न जाता एकीतूनच गेली, तर चार घरं पुढे साखळी कलंडते. मग मागे जाऊन एकेक कडी उघडायची. आमच्या धंद्यात चूक मागे घ्यायला एक बटण असतं. इथे तांबं प्रत्येक वाकवण्यात कडक होत जातं, आणि फार वेळा उघडमीट केलेली कडी मोडते. म्हणून चूक सुधारायला नवी कडी घ्यावी लागते. शिवाय जुनी कडी का मोडली, हे कुणावर ढकलताही येत नाही. ती मीच कापलेली असते, मीच उघडलेली असते, मीच मिटलेली असते. तीस वर्षांत मला असं काम करायची वेळ आली नव्हती.

मेळाव्याला येण्याआधी मी आईला म्हटलं, ‘मी बाईंना साखळी टाक्याचं सांगणार आहे.’ ती हसली. म्हणाली, ‘सांग. पण आता गुण कापले तर माझे कापतील.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘मी तुला तेव्हा शिकवायला हवं होतं. करून देणं सोपं होतं.’ मी स्वतः आता एका मुलाची आई आहे. त्याचे प्रोजेक्ट रात्री अकरा वाजता पूर्ण करणारी मीच असते. आईच्या त्या वाक्यानंतर मी ते बंद केलं आहे. सध्या त्याच्या वहीत फार वाईट चित्रं चिकटवलेली असतात.

बाई, मी तुमच्यासाठी ही तांब्याची साखळी आणली आहे. काळवंडली तर चिंच-मीठ लावून घासा, पुन्हा चकाकेल. फासाच्या बाजूने मोजलंत, तर सातव्या घरात एक जोडी जराशी तिरकी बसली आहे. ती मला दुरुस्त करता आली असती. तशीच ठेवली, म्हणजे ही साखळी दुसऱ्या कुणी करून दिली असा संशय तुम्हाला येणार नाही.

आणि माझ्या त्या बाकावरच्या मैत्रिणीसाठी दुसरी साखळी आणली आहे. तिच्यात चूक नाही. ती मी तीनदा उसवून केली आहे.

बाई, या वेळी जवळून तपासा. पडतील तेवढे गुण माझे.